आणखी एक खुर्ची

झूटरमेर, रविवार

प्रिय मृदुला,

तुझं पार्सल तीन आठवड्यांपूर्वी मिळालं. आत आर्नहेमच्या घराची किल्ली होती, राखाडी स्वेटर होता, भानुदासचा जुना टॅब होता, आणि चिठ्ठी नव्हती. फोन तू उचलत नाहीस. भानुदासच्या मित्राला, अश्वजितला विचारलं तर तो म्हणाला, घराचे पडदे ओढलेले आहेत आणि तू नायमेखेनला मैत्रिणीच्या वरच्या खोलीत राहायला गेली आहेस. न विचारता किल्ली पाठवणं मला पटलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. त्याच दिवशी पेन्शन फंडाचंही पत्र आलं. भानुदासची विधवा मी आहे, आणि मी जिवंत आहे तोवर त्याच्या पेन्शनमधला पत्नीचा हिस्सा दरमहा मला मिळत राहील, असं त्यांनी ठरवलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी दारात आल्या. मला त्या एकत्रच वाचाव्या लागल्या.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हा उत्तर थोडक्यात लिहा म्हणून मुलांना दटावायची. आज ते मलाच जमेलसं वाटत नाही. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगणारी दुसरी कोण आहे?

फंडाकडे मी अर्जसुद्धा केला नव्हता. खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, मृत्यूची नोंद झाली आणि फंडाला ती आपोआप कळली. सांत्वनाच्या चार ओळी आल्या, बँकेचा नंबर मागितला, झालं. मला राहवेना. मी फोन केला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. तिला म्हटलं, हे बघ, आम्ही बारा-तेरा वर्षं एका घरात राहत नव्हतो. तिने विचारलं, घटस्फोट झाला होता का? म्हटलं, नाही. कोर्टातून विभक्त झाला होतात? नाही. भांडण झालं होतं का, हे तिने विचारलं नाही, मीच सांगून टाकलं की भांडणही झालं नव्हतं. मग मी म्हटलं, त्याच्याबरोबर दुसरी एक बाई राहत होती, तिने त्याचं सगळं केलं, तिचं काय? ती म्हणाली, मेफ्राऊ, कोण कुणाबरोबर जेवत होतं, हे लिहायला माझ्याकडे रकाना नाही.

फोन ठेवून मी ते पत्र पुन्हा वाचलं. केवढी ही व्यवस्था! तिला आमच्या संसाराचं काडीइतकं माहीत नाही, आणि तरी ती माझ्यामागे उभी आहे. मी हिच्यासाठी काय केलं? नोकरी सोडून नवऱ्याच्या मागे इथे नेदरलँड्सला आले, एवढंच. ते तिने कुठेतरी लिहून ठेवलं होतं आणि इतक्या वर्षांनी, मी न मागता, माझ्यापुढे ठेवलं. राग यावा की हात जोडावेत, मला कळेना. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगणार होते की मला हे नको. मी तो फोन केला नाही. का केला नाही, ते पुढे येईल.

आमचं वेगळं होणं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण ते कधी झालं हे आम्हालाच सांगता आलं नसतं. भानुदासला आर्नहेमच्या वीज कंपनीत काम मिळालं. रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून तिथे खोली घेतली. आधी शुक्रवारी यायचा, मग शनिवारी, मग दमलोय म्हणायचा. मी म्हणायची, मग नको येऊस. खरं सांगायचं तर तो नसला की मला घर नीट लागायचं, आणि तिकडे त्याला श्वास घेता यायचा. मी शिस्तीची आहे आणि तो ओल्या टॉवेलवर बसणारा माणूस होता. आमची लेक हर्षा ग्रोनिंगनला शिकायला गेली आणि उरलेलं कारणही संपलं. खोलीचा त्याने फ्लॅट केला. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना मी सांगायची, तो प्रोजेक्टवर आहे. बारा वर्षं कुठलं प्रोजेक्ट चालतं, हे त्यांनाही कळत होतंच. पण इंजिनियर माणसं! प्रोजेक्ट म्हटलं की पुढे विचारत नाहीत.

एका ठिकाणी मात्र प्रोजेक्टचं कारण चालणार नव्हतं. नागपूरला सासूबाई होत्या. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल असायचा आणि पडद्यावर आम्ही दोघं दिसायलाच हवे होतो. म्हणून भानुदास सकाळची गाडी धरून उट्रेख्तवरून झूटरमेरला यायचा. मी सोफ्यावरची चादर बदलायची, तो टॅब पुस्तकांना टेकवून ठेवायचा आणि आम्ही शेजारी बसायचो. सासूबाईंना कमी दिसायचं, पण नको ते बरोबर दिसायचं. "सुनेत्रा, काहून गप्प बसली? याने काही म्हटलं का तुला?" मी म्हणायची, "नाही हो आई, घसा बसलाय." वर्षातून कितीदा माझा घसा बसायचा! कॉल संपला की तो चहा घ्यायचा, डायनिंग टेबलचा हलणारा पाय ठाकठीक करायचा आणि दुपारच्या गाडीने परत जायचा. हा आमचा संसार. आणि तुला खोटं वाटेल, पण त्या अर्ध्या तासात आम्ही जितके नीट बोलायचो, तितके एकत्र राहत असताना कधी बोललो नव्हतो.

एका हिवाळ्यात तो राखाडी स्वेटर घालून आला. सासूबाईंनी पडद्याला नाक लावून पाहिला. "विणलेला दिसतो. कोणी विणला रे?" भानुदास म्हणाला, "हिनंच." त्या इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, "मला वाटलं होतं या मास्तरणीला फक्त पेपर तपासता येतात. गळा किती बरोबर घेतला पोरीने!" माझ्या सासूने उभ्या आयुष्यात माझं केलेलं ते एकमेव कौतुक, आणि ते तुझं होतं. तसा गळा दुकानात मिळत नाही, एवढं विणकाम मलाही कळतं. कोणीतरी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. कोण, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. गाडीची वेळ झाली होती.

पुढे सासूबाई गेल्या आणि रविवारही गेले. तुझं नाव मला हर्षाकडून कळलं, तेही जाता जाता, जसं एखाद्या शेजारणीचं कळावं. तिचं मराठी समजण्यापुरतं, बोलणं सगळं इंग्रजीत. "मृदुला इज नाईस, आई. शी मेक्स हिम वॉक." मी म्हटलं, चालू दे. तो चाळिशीपासून चालत नव्हता.

भानुदास निवृत्त होण्याच्या थोडं आधी एका मंगळवारी, न कळवता, दारात उभा राहिला. पाठीला पिशवी. मला वाटलं, आला आता घटस्फोट मागायला. निवृत्तीच्या तोंडावर लोक कागदपत्रं सरळ करतात, हे मला ठाऊक होतं. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं: कुठे सही करायची ते दाखव, पण आधी चहा घे. त्याने चहा घेतला. पिशवी उघडली. आतून पाना आणि तेलाची बाटली काढली आणि खाली जाऊन माझ्या सायकलची साखळी बसवली. वर येऊन हात धुतले, गुडघे कसे आहेत विचारलं आणि निघाला. मी जिन्यात उभी होते. याला विचारायचा धीर झाला नाही, असं मला वाटलं. मनात म्हटलंही, भित्रा तो भित्राच राहिला. दोन वर्षं मी हेच धरून होते.

मग फेब्रुवारीत तुझा फोन आला. "ताई, मी मृदुला. तुम्ही या." मृदुला म्हणजे कोण, हे तू सांगितलं नाहीस, ते मला आवडलं. आर्नहेमच्या हॉस्पिटलच्या दारात तू खाली येऊन उभी होतीस. माझ्याकडे बघून पहिलं काय विचारलंस, आठवतं? "जेवलात का?" मी चिडले. नवरा माझा, मरतोय तो, आणि ही मला जेवण विचारते! मग लिफ्टच्या आरशात तुझा चेहरा दिसला. तू कित्येक दिवस जेवली नव्हतीस.

खोलीत एकच खुर्ची होती. तू उठलीस. मी म्हटलं, बस. तू म्हणालीस, तुम्ही बसा ताई. मी म्हटलं, मी गाडीत बसूनच आले. अशा आपण दोघी उभ्या आणि खुर्ची मोकळी. तेवढ्यात तो उंच डॉक्टर आला आणि त्याने विचारलं, पत्नी कोण? मी तुझ्याकडे बोट केलं. त्याच क्षणी तू माझ्याकडे केलंस. भानुदासचे डोळे उघडे होते. मी शपथेवर सांगते, तो हसला. डॉक्टरने एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, बाहेर गेला आणि स्वतःच्या हाताने आणखी एक खुर्ची घेऊन आला. ती तुझ्या खुर्चीला लावून ठेवली आणि मग आपल्याला दोघींना एकदमच सांगितलं की आता फार वेळ नाही. इतकी वर्षं मी हा देश कोरडा म्हणत आले. त्या दिवशी म्हटलं, आपल्याकडच्या कुठल्या शहाण्या माणसाला हे सुचलं असतं?

अंत्यविधीला तू सगळ्यात मागे उभी राहिलीस. अश्वजितने त्रिशरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली. माझी हर्षा मध्येच अडखळली आणि गप्प झाली. मी मान वळवली तर तुझे ओठ हलत होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता. तुमच्या पुण्याच्या घरात गणपती बसतो. हे तू कधी पाठ केलंस? कुणासाठी केलंस हे विचारायची गरज नाही. पण ते मला शिकवावं लागलं नव्हतं, माझं घरच तसं होतं. तू ते मोठेपणी, मुद्दाम, परक्या देशात बसून शिकलीस. मला तुझ्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

मग संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात. तू पिठल्यासाठी लसूण सोलत होतीस. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोपुढे ताजी ट्युलिपची फुलं होती. मी माझ्या वर्गातल्या आवाजात विचारलं, "त्याने तुझ्यासाठी काही करून ठेवलंय का?" तू म्हणालीस, "नाही." मी म्हटलं, "मृत्युपत्र?" तू म्हणालीस, "उद्या करतो म्हणायचे. त्यांच्याकडे उद्या खूप असायचे." माझा पारा चढला. म्हटलं, "इतकी वर्षं घराच्या हप्त्यात निम्मा वाटा तू घातलास, आणि हा माणूस तुला उघड्यावर टाकून गेला? निवृत्तीआधी घटस्फोट घेऊन तुझ्याशी लग्न करायचं तेवढं सुचलं नाही त्याला?" तेव्हा तू लसणाची पाकळी खाली ठेवलीस आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणालीस, "त्यांना सुचलं होतं. मीच करू दिलं नाही."

मग तू ते सगळं सांगितलंस. ऑफिसात त्याला कुणीतरी समजावलं होतं, की निवृत्तीच्या दिवशी जी पत्नी असेल, मागे राहणारं पेन्शन तिचं. नंतर लग्न केलं तर नव्या बायकोला काही नाही. आधी घटस्फोट घेतला, तर त्यानंतरची वर्षं तुझ्या नावे लागू शकतील. तो उत्साहाने घरी आला. तू म्हणालीस, "सही मागायला जात असाल तर जा. घेऊन आलात, तर मी तुमच्याशी लग्न करणार नाही." मी विचारलं, "का?" तू म्हणालीस, "तुमची नोकरी त्यांच्या नोकरीपायी गेली. इथे तुम्ही चाळिशी उलटल्यावर आलात, म्हणून म्हातारपणचं सरकारी पेन्शनही तुम्हाला तुटपुंजं बसणार. मला माझी नोकरी आहे. आणि तुम्ही लगेच सही केली असती, न वाचता. भानुदासच म्हणाले, सुनेत्रा विचारायचीसुद्धा नाही. म्हणून तर मी नको म्हटलं."

मृदुला, तू तोवर मला पाहिलंही नव्हतंस. आणि मी जिन्यात उभी राहून काय केलं असतं, हे तुला आर्नहेममध्ये बसून माहीत होतं. खरंच केली असती मी सही. मान ताठ ठेवून, चष्मासुद्धा न लावता. माझ्या त्या ताठ मानेपासून मला वाचवायला सख्खं कुणी आलं नाही. तू आलीस.

मी शेवटी म्हटलं, "मग त्या मंगळवारी तो आला कशाला होता?" आणि तू, एवढ्या सगळ्यात, हसलीस. "मीच पाठवलं होतं. हर्षा म्हणाली, आईच्या सायकलची साखळी सारखी उतरते, कुठेतरी पडेल." मी दुसऱ्यांदा विचारलं, की तू हे सगळं का केलंस. तू लसूण परत हातात घेतलास आणि म्हणालीस, "माझ्या आईचं मी पाहिलंय, ताई." आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मी खोदून विचारलं नाही.

पेन्शन नाकारायचा तो फोन मी म्हणून केला नाही. तू जे माझ्यासाठी अडवून धरलंस ते मीच फेकून दिलं, तर तू वेडी ठरशील आणि मी उर्मट. मी ते घेतलं आहे. मला त्याची गरज आहे, हेही सरळ लिहिते. त्यातलं काही तुझ्या नावावर करता येईल का, हे त्या फंडातल्या मुलीला विचारून पाहिलं. नाही म्हणाली, तेवढं नियमात बसत नाही. पण मी ते कशावर खर्च करते, हा रकानाही तिच्याकडे नाही.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी हे पत्र आहे. नोटरी म्हणाला, मृत्युपत्र नाही तेव्हा घरही माझ्याकडेच येतं. तू हयात असेपर्यंत त्यात राहशील, असा हक्क लिहून देता येतो. माझ्यानंतरसुद्धा तुला कुणी हलवू शकणार नाही. त्यावर जो कर आणि जी फी पडेल ती फंडाच्या पैशातून जाईल, भानुदास भरतोय असं समज. हर्षाला विचारलं. ती म्हणाली, "मृदुला लिव्ह्ज देअर. व्हॉट्स द क्वेश्चन?" मंडळालाही मी सांगून टाकलं आहे की भानुदास प्रोजेक्टवर नव्हता. पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम आर्नहेमच्याच घरात होईल, आणि निमंत्रणावर आपली दोघींची नावं असतील. पण नोटरीच्या कागदावर तुझी सही लागते. तू भानुदासला माझी सही मागू दिली नाहीस. आता मी तुझी मागते आहे. वाचून कर, माझ्यासारखी करू नकोस. पण कर. नायमेखेनची ती खोली सोड, घरी जा आणि पडदे उघड.

असं लिहायची सवय नाही, तरी

तुझीच,
सुनेत्रा

अश्वजितच्या हाती दिलं, आज रविवारी, झूटरमेर स्टेशनवर: आर्नहेमच्या घराची किल्ली, परत. नोटरीचा कागद, माझी सही झालेला, तुझी जागा मोकळी. टॅब मी ठेवून घेतला आहे, त्यात सासूबाई आहेत. राखाडी स्वेटर एक, धुऊन, घडी करून, परत. तो मी विणलेला नाही.